विश्लेषण : वाशीमचा माळ माणसाने केला की पावसाने? लोणारच्या गाळातले परागकण काय सांगतात?

कारंजा-सोहोळ अभयारण्यातली काळविटे ज्या गवतात चरतात, तो माळ मुळातलाच आहे की एखाद्या दाट जंगलाची माणसाने केलेली वाताहत? वाशीमच नव्हे, तर सबंध वऱ्हाडात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे : पूर्वी इथे घनदाट रान होते, माणसाने ते तोडले, उरलेसुरले गुरांनी खाल्ले आणि माळ शिल्लक राहिला. शेजारच्या लोणार सरोवराच्या तळातला गाळ मात्र वेगळी हकिकत सांगतो. हिमयुग संपल्यानंतरच्या सुमारे ११ हजार वर्षांचा पाऊस आणि झाडोरा या गाळात नोंदला गेला आहे. ती नोंद वाचायची कशी, त्यासाठी हवामानाची संगणकीय मॉडेल कशाला लागतात आणि निघालेल्या उत्तरावर कितपत विसंबायचे, याचा हा आढावा.

लोणारच का?

जुन्या हवामानाचा माग काढायला शांत, खोल आणि कधीही न आटलेले पाणी लागते. वर्षानुवर्षे गाळाचे थर एकावर एक बसत गेले पाहिजेत आणि मध्ये कोणी ते ढवळता कामा नयेत. दख्खनच्या पठारावर नेमकी याचीच वानवा आहे. इथले बहुतेक तलाव माणसाने बांधलेले, म्हणजे फार तर काही शतकांचे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरचे खाली, खालचे वर करत राहते. नद्यांचा गाळ पुरात वाहून जातो.

याला ठळक अपवाद लोणारचा. रिसोडहून पश्चिमेकडे निघाले की फार वेळ न लागता गाठता येणारे हे विवर उल्कापाताने बेसॉल्टमध्ये तयार झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर आहे. धारेचे गोडे पाणी आणि पावसाचे ओहोळ आत येतात, बाहेर मात्र काहीच जात नाही. पाणी कमी होते ते उन्हाने. त्यामुळे पाऊस घटला की सरोवर आक्रसते, पाणी अधिक खारट आणि अधिक अल्कधर्मी होते. एका अर्थी हे निसर्गाने मांडलेले प्रचंड पर्जन्यमापकच. तळाशी प्राणवायू जवळजवळ नसल्याने गाळ उकरणारे किडेही तिथे फारसे जगत नाहीत.

२००८ मध्ये भारतीय आणि जर्मन संशोधकांनी या सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना काढला. पॉट्सडॅमचे भूविज्ञान केंद्र आणि नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था यांचे संशोधक या कामात होते. उसाच्या कांडीसारखा दिसणारा हा नमुना वरून खाली वाचत जायचा : वर आजचा काळ, तळाशी सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीचा.

परागकण इतकी वर्षे टिकतो कसा?

डोळ्यांना न दिसणाऱ्या या कणाचे कवच हे वनस्पतींनी बनवलेल्या सर्वात चिवट पदार्थांपैकी एक आहे. त्याचे नाव स्पोरोपोलेनिन. प्रयोगशाळेत गाळातला चुना काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल, वाळू काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि उरलेला सेंद्रिय कचरा काढायला आणखी तीव्र मिश्रण वापरतात. काचही विरघळवणाऱ्या या आम्लांतून परागकण जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. त्याचा खरा शत्रू प्राणवायू. उघड्या, वाळणाऱ्या आणि पुन्हा भिजणाऱ्या मातीत तो कुजून जातो. सरोवराच्या तळाशी मात्र हजारो वर्षे राहतो.

प्रत्येक कुळाच्या परागकणाची ठेवण वेगळी असते. कुणावर काटे, कुणावर जाळी, कुणाला एक छिद्र, कुणाला तीन चिरा. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका थरातले काहीशे कण ओळखून मोजायचे आणि कशाचे प्रमाण किती ते मांडायचे, ही रीत स्वीडनचे भूवैज्ञानिक लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये आजच्या ऑस्लोत दिलेल्या व्याख्यानातून रूढ केली. शंभर वर्षांत उपकरणे बदलली; तरी डोळा लावून बसणारा माणूस आणि त्याची तासन्‌तास चालणारी मोजणी अजून पुरती सुटलेली नाही.

थराचे वय ठरवण्यासाठी त्यातल्या लाकडाचा किंवा पानाचा तुकडा शोधून रेडिओकार्बन पद्धतीने त्याची तारीख काढतात. सरोवरातलेच शेवाळ वापरले तर खडकातून आलेला जुना कार्बन त्यात मिसळलेला असतो आणि तारीख उगाच जुनी येते. म्हणून जमिनीवर वाढलेल्या झाडाचा तुकडा मिळाला तर उत्तम.

कण मोजले म्हणजे जंगल कळते का?

सरळसरळ कळत नाही, आणि या शास्त्रातली खरी मेख इथेच आहे. गवत आपले पराग वाऱ्यावर सोडते, तेही खंडोगणती. साग, बाभूळ ही झाडे मधमाश्या आणि इतर कीटकांवर अवलंबून, तर पळसाची भिस्त पक्ष्यांवर. त्यांचे पराग मोजके आणि जड, त्यामुळे फार लांब जात नाहीत. पळसाने पेटलेल्या रानाशेजारच्या तळ्यात पळसाचा पराग नावापुरता आणि गवताचा पोत्याने, असे होऊ शकते. याउलट वावळासारखे वाऱ्यावर पराग उधळणारे झाड संख्येने थोडे असले तरी गाळात मोठे दिसते. कच्चे आकडे घेऊन निष्कर्ष काढणारा माणूस हमखास फसतो.

यावर उपाय एकच. आधी आजचे रान आणि आजचा गाळ यांची सांगड घालायची. लोणारच्या विवरात आणि परिसरात कोणती झाडे किती आहेत ते नोंदवून, तिथल्याच आजच्या गाळात त्यांचे पराग कोणत्या प्रमाणात उतरतात, याचा अभ्यास याच गटाने केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषांतर करण्याआधी शब्दकोश तयार करावा, तसे हे काम. युरोपात असे कोश पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले. मोसमी पावसाच्या पानझडी जंगलांसाठी ते फार उशिरा हाती आले.

आणखी एक अडचण. गवताच्या कुळातले बहुतेक पराग दिसायला सारखेच असतात. कुसळी गवत कोणते आणि पवन्या कोणता हे परागावरून सांगता येत नाही. तिथे गाळातल्या दुसऱ्या साक्षीदाराला विचारावे लागते.

हा साक्षीदार म्हणजे पानांवरचे मेण. वनस्पती प्रकाशसंश्लेषण दोन मुख्य मार्गांनी करतात. झाडे, सोयाबीन, तूर, गहू, भात हे ‘सी-३’ मार्गाचे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि माळावरची बहुतेक गवते ‘सी-४’ मार्गाची. दोन्हींच्या देहात जड आणि हलक्या कार्बनचे प्रमाण वेगळे असते. पानावरचे मेण गाळात टिकते आणि त्यातला कार्बन मोजला की त्या काळी रान झाडांचे होते की माळाच्या गवताचे, हे परागाला न विचारताही समजते. त्याच मेणातला हायड्रोजन पावसाच्या पाण्याविषयी सांगतो.

हिमयुगात इथे काय होते?

शेवटच्या हिमयुगाची ऐन थंडी सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीची. कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावर किलोमीटरच्या मापात मोजावे असे बर्फ साचले होते. समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती आणि मुंबईचा किनारा कितीतरी पश्चिमेला सरकला होता. पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या तुलनेत ५ ते ६ अंश सेल्सिअसने कमी होते. विदर्भात बर्फ नव्हते. पण इथल्या जगण्यावर परिणाम झाला तो पावसाच्या वाटेने. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक बदलला, समुद्रावरून उडणारी वाफ घटली आणि नैर्ऋत्य मोसमी वारे मंदावले.

हे कळले तेही बऱ्याच अंशी परागांवरून. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापलीकडे समुद्रतळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास फ्रेंच संशोधक व्हॅन काम्पो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. नद्यांनी आणि वाऱ्याने समुद्रात नेऊन टाकलेल्या परागांतून हिमयुगातला कोरडेपणा आणि त्यानंतर बळावत गेलेला पाऊस दिसला. राजस्थानातल्या सांभर, डिडवाना, लुंकरणसर या खाऱ्या तळ्यांतल्या परागांवर गुरदीप सिंग आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच, १९७४ मध्ये, पायाभूत काम केले होते. डिडवानाच्या तळाशी हिमयुगातल्या थरांत मिठाचे पापुद्रे आहेत. त्या काळी तळे वारंवार आटत होते, याचा तो पुरावा.

महाराष्ट्रात याची एक सुंदर खूण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे मिळाली. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांपासून केलेले मणी निघाले. एका तुकड्यावर रेघांची नक्षी कोरलेली होती. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग हा उघड्या, कोरड्या मुलखातला पक्षी. खानदेशात तो हिंडत होता याचा अर्थ त्या काळीही तिथे झाडांची दाटी नव्हती आणि माळ काही काल-परवा आलेला पाहुणा नाही.

मात्र हिमयुगातल्या गवताचा अर्थ लावताना एक सापळा आहे. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात सुमारे १९० भाग एवढेच होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. हा वायू कमी असला की सी-३ झाडांना पोट भरण्यासाठी पानांची छिद्रे जास्त वेळ उघडी ठेवावी लागतात आणि त्यातून पाणी जास्त उडते. सी-४ गवताला हा त्रास कमी. म्हणजे पाऊस तेवढाच राहिला तरी झाडे मागे हटून गवत पुढे सरकू शकते. गाळात गवताचे पराग वाढले म्हणून ‘पाऊस इतका टक्के घटला’ असे थेट लिहिले, तर हिमयुग खऱ्यापेक्षा जास्त कोरडे ठरते. बरीच वर्षे ही चूक होत होती.

मॉडेल कशासाठी?

पराग काय झाले ते सांगतात, का झाले ते सांगत नाहीत. ‘का’साठी मॉडेल लागते. संगणकीय हवामान मॉडेलमध्ये वातावरण आणि समुद्र यांचे चौकोनी डबे पाडलेले असतात आणि प्रत्येक डब्यात उष्णता, वारा, बाष्प यांचे भौतिकशास्त्राचे नियम लावून पुढच्या घटकेची स्थिती काढली जाते. उद्याचा अंदाज देणाऱ्या मॉडेलचेच हे भावंड. त्यात आजचा सूर्यप्रकाश, आजचे बर्फ आणि आजची हवा घालण्याऐवजी २१ हजार वर्षांपूर्वीची घालायची आणि आभासी जगात काही शतके जाऊ द्यायची. मग विचारायचे : भारतात पाऊस किती पडला?

मोसमी पावसाच्या बाबतीत यातला कळीचा धागा पृथ्वीच्या कक्षेचा आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात जवळ असायची. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि कक्षाही हळूहळू वळते, म्हणून हे चक्र साधारण २१ ते २३ हजार वर्षांचे. मराठी वाचकाला अयनचलन तसे अनोळखी नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये त्याच्याच आधारे वेदांचा काळ काढू पाहिला आणि १९०३ च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये थेट हिमयुगालाच हात घातला. त्यांचे निष्कर्ष अभ्यासकांनी स्वीकारले नाहीत. पण आकाशातल्या हालचालीवरून जमिनीवरचा भूतकाळ शोधण्याची ओढ तीच होती.

अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये हा कक्षेचा हिशोब मॉडेलमध्ये घातला. ९ हजार वर्षांपूर्वी जुलैत पृथ्वीला मिळणारे ऊन आजच्यापेक्षा ७ टक्क्यांनी जास्त होते. तेवढ्या बदलाने मॉडेलमधली जमीन अधिक तापली आणि मोसमी वारे चांगलेच बळावले. राजस्थानची तळी त्याच सुमारास भरलेली होती, हे परागांनी आणि गाळाने आधीच सांगितले होते. दोन साक्षी एकमेकींना न भेटता जुळल्या. १९८८ मध्ये ‘कोहमॅप’ या आंतरराष्ट्रीय गटाने १८ हजार वर्षांपूर्वीपासून आजवरचा असा ताळा जगभर घेतला. १९९० च्या दशकापासून ‘पीएमआयपी’ प्रकल्पात जगातली अनेक मॉडेल एकाच परीक्षेला बसवली जातात. तिच्या दोन ठरलेल्या प्रश्नपत्रिका म्हणजे २१ हजार वर्षांपूर्वीचे हिमयुग आणि ६ हजार वर्षांपूर्वीचा काळ.

ही परीक्षा काटेकोर ठेवावी लागते. मॉडेल जुळवताना परागांचे आकडे वापरले आणि मग त्याच परागांशी ते जुळते असे सांगितले, तर तो प्रश्नपत्रिका फुटल्यासारखा प्रकार झाला. आणि सगळी मॉडेल उत्तीर्ण होतात असेही नाही. ६ हजार वर्षांपूर्वी सहारात गवत आणि तळी होती, हे पुराव्यांवरून पक्के आहे. तरीही बहुतेक मॉडेलमध्ये तिथला पाऊस पुरेसा उत्तरेला सरकत नाही. भारताबाबत दिशा बरोबर येते, मापात मात्र मॉडेलमॉडेलांत फरक राहतो. एकेक डबा साधारण १०० किलोमीटरचा असल्याने वाशीम आणि लोणार बहुधा एकाच डब्यात बसतात. सह्याद्रीची भिंत आणि तिच्या आडचा पर्जन्यछायेचा पट्टाही मॉडेलला पुसटच दिसतो.

वनस्पतींचे स्वतंत्र मॉडेल वापरून वरचा कार्बन डायऑक्साइडचा सापळा टाळता येतो. गवतावरून पाऊस काढण्याऐवजी उलट्या दिशेने जायचे : हवेत १९० भाग कार्बन डायऑक्साइड असताना कोणता पाऊस आणि कोणते तापमान दिले, तर गाळात सापडला तसाच झाडोरा उगवतो, हे मॉडेलला पुन्हा पुन्हा चालवून शोधायचे.

लोणारच्या गाळात नेमके काय सापडले?

तळाच्या थरांत, म्हणजे हिमयुग संपून नवे पर्व सुरू होताना, पाऊस वाढल्याच्या खुणा आहेत. देशातल्या इतर नोंदींशी आणि कक्षेच्या हिशोबाशी हे जुळते. त्या काळात लोणारच्या परिसरात झाडे जास्त आणि माळ कमी होता.

मग सुमारे ६ हजार वर्षांपूर्वीपासून चित्र पालटू लागते. उत्तर गोलार्धातला उन्हाळा सूर्यापासून दूर सरकत चालला होता आणि पाऊस हळूहळू उतरणीला लागला होता. गाळात झाडांचे पराग घटत जातात, गवताचे वाढतात, पानांवरच्या मेणातला कार्बन सी-४ च्या बाजूला झुकतो. आजच्या सारखी विरळ झाडे आणि खाली गवत अशी सवाना आकार घेते.

या उतरणीवर दोन मोठे खड्डे आहेत. सुष्मा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी, अशा दोन कालखंडांत दशकानुदशके ते शतकभर चालणारे कमजोर पावसाचे पट्टे आले. पुरावा परागांपुरता नाही. याच दोन कालखंडांच्या थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडतात. सोडियम आणि कॅल्शियमचे हे कार्बोनेट बनायला पाणी अतिशय खारे आणि अल्कधर्मी व्हावे लागते. सरोवर आटून आटून तेवढे घट्ट झाल्याची ही सहीच.

मग माळ कोणी केला?

याच प्रश्नावर २०२१ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात निल्स रीडल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. लेखकांमध्ये परागतज्ज्ञांबरोबर बंगळूरुचे सवाना-अभ्यासक जयश्री रत्नम आणि महेश शंकरन होते, तसेच प्राचीन पिकांचे जाणकार डोरियन फुलर होते. त्यांनी माळ पसरण्याची तीन संभाव्य कारणे एकमेकांसमोर उभी केली : पाऊस, आग आणि माणूस.

आग लागली की कोळशाचे बारीक कण गाळात उतरतात. त्यावरून वणव्यांचे प्रमाण मोजता येते. शेती आणि गुरे आली की लागवडीच्या आणि चराईच्या खुणा परागांत दिसू लागतात. माळ आधी वाढला की आग आणि माणूस आधी आले, एवढाच क्रम पाहायचा होता. उत्तर स्पष्ट निघाले. वणव्यांच्या प्रमाणातल्या बदलाने किंवा मानवी हस्तक्षेपाने हा माळ पसरवलेला नाही. पाऊस उतरला, झाडे मागे हटली, गवत पुढे आले. माणसाची शेती त्यानंतरची.

निबंधाचा पुढचा दावा अधिक रंजक आहे. माळाने शेतीला वाट करून दिली, शेतीने माळाला नव्हे. दाट रान दगडी हत्याराने तोडून वस्ती करणे जिवावरचे काम. गवताळ उघड्या मुलखात गुरे चारणे आणि पेरणी करणे सोपे. २०१४ च्या अभ्यासातही मध्य भारतातल्या पहिल्या वस्त्या पहिल्या मोठ्या दुष्काळी कालखंडाच्या सुरुवातीला दिसतात आणि दोन दुष्काळी कालखंडांच्या मधल्या काळात शेतकरी समाज भरभराटीला येतात. पुण्याजवळचे इनामगाव, नागपूरजवळचे माहुरझरी आणि नायकुंड ही महाराष्ट्रातली प्रसिद्ध प्राचीन स्थळे त्याच मधल्या काळातली.

मग वत्सगुल्म दुष्काळात उभे राहिले?

वाशीमकरांना हा प्रश्न पडणारच. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी हीच. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथे मिळाला आणि याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी खोदली गेली. चौथ्या-पाचव्या शतकाचा हा वैभवकाळ लोणारच्या दुसऱ्या दुष्काळी कालखंडात पडतो. त्यानंतर यादवकाळी बांधलेली देवळेही त्यातच येतात.

याचा अर्थ १४०० वर्षे पाऊसच नव्हता, असा नाही. गाळाच्या एका नमुन्यात अनेक वर्षांचा पाऊस मिसळून जातो. त्यात बरी वर्षे, वाईट वर्षे, अतिवृष्टीची वर्षे सगळी असतात; सरासरी कलली एवढेच दिसते. एखाद्या राजाच्या कारकिर्दीतला दुष्काळ या गाळातून शोधणे म्हणजे गावाच्या वार्षिक ताळेबंदातून एका दिवसाची भाजी शोधण्यासारखे. आणि राज्ये केवळ पावसावर चालत नाहीत. कमी पावसाच्या मुलखात तळी, कुंडे, व्यापार आणि दूरवरून येणारा महसूल यांच्या जोरावर राजधान्या उभ्या राहिलेल्या आहेत. पावसाचा आलेख आणि राजवंशांची यादी शेजारी ठेवून ‘म्हणून हे झाले’ असे लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरलेला बरा.

या निष्कर्षाला मर्यादा कोणत्या?

पहिली म्हणजे हे एकच सरोवर. जगाच्या नकाशावर परागनोंदींचे ठिपके टाकले तर युरोप आणि उत्तर अमेरिका भरून जातात, दख्खनवर ते हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. लोणारमध्ये जे दिसले तेच मानोऱ्यात, मंगरुळपीरला किंवा काटेपूर्णेच्या खोऱ्यात शब्दशः घडले असे म्हणता येणार नाही. दुसरी : माळाची सुरुवात पावसाने केली, म्हणून आजचा प्रत्येक उजाड तुकडा निसर्गदत्त ठरत नाही. ६ हजार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या गोष्टीत गेल्या दोन शतकांच्या कुऱ्हाडीचा, कोळशाच्या भट्ट्यांचा आणि नांगराचा वाटा वेगळा मोजावा लागेल. कारंजा-सोहोळचा गवताळ माळ आणि गावाशेजारची तोडलेली टेकडी यांना एकाच मापाने मोजणे हाही अन्यायच.

पण ज्या ठिकाणी निष्कर्ष लागू पडतो तिथे तो थेट पैशाशी आणि जमिनीशी भिडतो. सरकारी नोंदीत माळ बहुतेक वेळा ‘पडीक’ असतो. पडीक म्हटले की काहीतरी करून दाखवायची घाई होते. राज्यात २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले गेले, तेव्हा खड्डे कुठे खणायचे हा प्रश्न गावोगाव आला आणि उत्तर अनेकदा माळ हेच होते. कारंजा-सोहोळचे अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे. काळविटाला लांबवर पाहता येईल असा उघडा मुलूख लागतो; माळढोकाला तर त्याशिवाय गत्यंतरच नाही. दाट झाडी झाली की हे दोघे निघून जातात, आणि धनगरांच्या मेंढ्यांचे चरणही. जिथे हजारो वर्षे झाडे विरळच राहिली, तिथे रोप दाटीने लावून टँकरने जगवणे हा पावसाशी मांडलेला वाद आहे, आणि त्यात पाऊस जिंकण्याची शक्यता जास्त.

पुढच्या पावसाबद्दल यातून काय कळते?

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले मॉडेल आज जागतिक हवामान अंदाजांच्या प्रकल्पात सहभागी आहे. अशा मॉडेलांनी २०५० सालच्या पावसाबद्दल काही सांगायचे, तर ६ हजार किंवा २१ हजार वर्षांपूर्वीचा पाऊस त्यांना आधी जमायला हवा, अशी अपेक्षा रास्तच. पण जुना आलेख उचलून पुढे ओढता येत नाही. तेव्हाचा बदल कक्षेमुळे, हजारो वर्षांत आणि ऋतूंच्या उन्हात झाला. आजचा कार्बन डायऑक्साइडमुळे, दशकांत आणि बारा महिने होतो आहे. याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात एकूण पाऊस मात्र घटत होता. असे मिश्रण लोणारच्या गाळात ओळखणे अवघड, कारण दोन दिवसांची अतिवृष्टी आणि दोन महिन्यांची ओढ तिथे एकाच थरात मिसळून जातात.

२०१४ च्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र सोयाबीन-तुरीच्या कोरडवाहू पट्ट्याने लक्षात ठेवावी अशी आहे. लोणारच्या पावसावर एल निनोसारख्या स्थितीचा दीर्घकालीन प्रभाव दिसू लागतो तो सुमारे २ हजार वर्षांपूर्वीपासूनच. आज जूनमध्ये वाशीमचा शेतकरी ज्या प्रशांत महासागराच्या बातमीकडे कान लावून असतो, तिचा इथल्या आभाळाशी असलेला संबंध सनातन नाही. तो एका टप्प्यावर जुळला आणि त्या वेळी भारत-प्रशांत क्षेत्रातल्या उबदार पाण्याचा दक्षिणेकडचा भाग तापत होता.

विवराच्या तळाशी आणखी काय आहे?

२००८ च्या नमुन्याने ११ हजार वर्षे गाठली. म्हणजे हिमयुगाच्या उंबरठ्यावर तो थांबला. विवराचे वय मात्र कुठल्याही पद्धतीने मोजले तरी त्याहून बरेच जास्त भरते : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. १९७० च्या दशकात विवराचा उगम शोधण्यासाठी सरोवरात विंधनछिद्रे घेतली गेली, तेव्हा फुटलेल्या बेसॉल्टपर्यंत पोहोचायला सुमारे १०० मीटर गाळ ओलांडावा लागला होता. वाचून झालेला भाग त्यातला वरचा सुमारे १० मीटर. दख्खनच्या हिमयुगातला पाऊस, तेव्हाचे गवत आणि पाटण्याच्या शहामृगांच्या काळातला माळ यांची नोंद कुठे शिल्लक असेलच, तर ती त्याखालच्या काळ्या चिखलात असावी.